शनिवारी चारला बेनीकाका

आमच्या प्रताप नगरातल्या बबनच्या ठेल्यावर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं तर्री-पोह्याचा चमचा भरून, तोंडापाशी नेऊन, तशीच थांबलेली दिसली तर घाबरू नका. पोह्यात काही निघालेलं नसतं. बेनीकाकांचा क्रूस चाललेला असतो.

बेनेडिक्ट वाघमारे, म्हणजे आमच्या कॉलनीचे बेनीकाका, प्लेट हातात आली की ती आधी ठेल्याच्या कडेला ठेवतात. मग कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. मग डोळे मिटून त्या पोह्यांबद्दल देवाचे आभार मानतात, आणि ते सावकाश मानतात. पोह्यांचे मानतात, कांद्याचे मानतात, बबनचेही मानत असावेत. कोणाला थांबा म्हणून ते कधी बोलले नाहीत. पण शेजारचा माणूस हात जोडून उभा असताना आपण मचमच कसं करायचं, असं एकाला वाटलं, मग दुसऱ्याला, आणि आता तो ठेल्याचा रिवाजच झाला आहे. माझा नवरा गणपतीची आरती संपायच्या आत मोदक उचलतो, पण तिथे थांबतो.

क्रूस उरकला की काका तडक पोहे संपवायचे आणि आठच्या मिस्सेला चर्चमध्ये जायचे. रविवारची उपासना ती मिस्सा, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. ऊन असो, पाऊस असो, आधी पोहे, मग मिस्सा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी नंदा. कॉलनीत ब्लाउज शिवते. माझी कात्री आणि तोंड दोन्ही सारखीच चालतात, असं लोक म्हणतात आणि मला ते पटतं. तर आम्ही इथे राहायला येऊन आठवडा झाला असेल, शनिवारी चार वाजता बेल वाजली. दारात पांढरा शर्ट, चपला पायरीखाली काढलेल्या, हात जोडलेले, असे एक सत्तरीचे गृहस्थ.

"एक सांगाचं होतं," ते म्हणाले. "मंगळवारी तुमी गेटपाशी गाडी आडवी लावली. तवा माझ्या मनात आलं का हे बाई आंधळी आहे का. तोंडातून नाही काढलं. पण मनात आलं, म्हणून सांगतो. माफी द्या."

मी इतकी भडकले म्हणून सांगू. मला आंधळी म्हटलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. ज्या माणसाने ते कोणालाही कळू दिलं नव्हतं, तोच घरी येऊन ते सांगून, वर माफी मागत होता. मी दार आपटलं. मग खिडकीतून पाहिलं, तर माझी गाडी आजही आडवीच होती. मी मुकाट्याने खाली जाऊन ती सरळ लावली. काका तोवर पुढच्या दारात पोचले होते.

नंतर कळलं की हा त्यांचा दर शनिवारचा फेरा. पाच वाजता चर्चमध्ये फादरसमोर पापनिवेदन करायचं, आणि त्याआधी, ज्याचं वाईट केलं वा चिंतलं त्याच्या दारात जाऊन ते मोकळं करायचं. थेट फादरला सांगणं काकांना मान्य नाही. "ज्याचं वाईट केलं त्याले पत्ता नाही, अन् फादरले सारं माहीत. असं कसं चालंल?" असा त्यांचा सवाल असतो.

त्यांचा हिशोब चार बोटांवर असतो. तर्जनी म्हणजे मनानं केलेलं, मधलं बोट तोंडानं, अनामिका हातानं. करंगळी म्हणजे जे करायचं होतं आणि केलं नाही ते. पहिली तीन बोटं ते निवांत मोजतात. करंगळी मात्र लगबगीने मिटून टाकतात. माझ्या हे लक्षात आलं होतं, कारण माप घेणाऱ्या बाईचं लक्ष दुसऱ्यांच्या हातापायांकडे असतंच.

त्यातून काय काय घडलं ते विचारू नका. कॉलनीचे सेक्रेटरी भोयर साहेब यांच्याकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते. ऐन चहाच्या वेळी काका दारात. "साहेब, झेंडावंदनाले तुमी भाषण देऊन राहिले होते, तवा मनात आलं का हा माइक बंद पडला तं बरं. अन् मंग तो खरंच बंद पडला. म्हणून पहिले तुमच्याकडेच आलो." भोयर साहेबांचा चेहरा काळा-निळा झाला. मुलाचे वडील मात्र इतके हसले की त्यांचा चहा सांडला. लग्न जमलं, पण भोयर साहेब वर्षभर काकांशी बोलले नाहीत.

काका नोकरीत होते तेव्हा पाणीपुरवठ्यात चाबीवाले होते. लोखंडी चाबीने रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवायचा की गल्लीच्या नळांना पाणी येतं. त्यामुळे त्यांच्याकडे जुनी पापंही भरपूर आहेत. एकदा त्यांनी आमच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेची माफी मागितली, कारण एका उन्हाळ्यात डोळा लागला म्हणून या गल्लीचं पाणी सात मिनिटं उशिरा सोडलं होतं. ती बिचारी तेव्हा काटोलला दुसरीत शिकत होती. तिने काही न कळून माफी देऊन टाकली.

सुरुवातीला शनिवारी चार वाजले की लोक दारं लावून बसत. मग हळूहळू गंमतच झाली. एका रविवारी बबनने स्वतःहून प्लेट पुढे करत खाली मान घालून सांगितलं, "काका, कालची तर्री पातळ होती. गिऱ्हाईक वाढलं तं म्या पाणी टाकलं." त्या दिवशी ठेल्यावर जो आनंद झाला, तो काय वर्णावा. काकांनी त्याला मिठीच मारली. मग मी माझ्या नणंदेला फोन करून सांगितलं की तुझ्या डोहाळजेवणाचा ब्लाउज मी मुद्दाम घट्ट शिवला होता. ती अर्धा तास भांडली आणि शेवटी म्हणाली की तिने तो कधी घातलाच नव्हता. दोघी हसून हसून दमलो. एका शनिवारी तर भोयर साहेब स्वतः काकांच्या दारात उभे. "वर्षभर मनात ठेवलं," एवढंच म्हणाले. मी गॅलरीतून पाहत होते, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

यात काका कधी कोणाला धर्माचं एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलंही होतं. म्हणाले, "मी कोणाले काय सांगू वं? माझं सोताचं सांगता सांगताच शनिवार संपते."

मागच्या उन्हाळ्यात स्टेलाकाकूंना जाऊन वर्ष झालं. काकांची पत्नी. त्यांच्या आत्म्यासाठी रविवारच्या मिस्सेत प्रार्थना होती, आणि काकांनी आम्हाला बोलावलं. मी उत्साहाने ठेवणीतली साडी नेसले. आधी सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे पोहे खाल्ले, मग चर्चला गेलो. मला सगळंच नवीन, सगळंच आवडत होतं. गाणी तर फारच. मग एक वेळ अशी आली की लोक बाकांवरून उठून रांगेने पुढे जाऊ लागले. फादर एकेकाला पांढरी चकती देत होते. हा ख्रिस्तप्रसाद, हे मला ठाऊक होतं. पोरं गेली, म्हाताऱ्या गेल्या, काठी टेकत एक आजोबा गेले. माझ्या शेजारी बेनीकाका गुडघ्यांवर तसेच बसून राहिले.

"काका, जा ना," मी कोपर मारलं.

"मी पोहे खाल्ले ना," ते म्हणाले आणि तोंड ओंजळीत लपवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलंच. प्रसाद घ्यायचा तर आधी तासभर पोटात काही घालायचं नाही, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "मग पोहे नंतर खा की. बबन काय पळून चालला?"

काकांनी चर्चचा गळणारा नळ घट्ट पिळून बंद केला. मग बोलले. "लोक विचारतात वं. वाघमारे, तुमी प्रसाद काहून घेत नाही? पोहे खाल्ले म्हटलं का पुढचं कोणी विचारत नाही. अन् मले खोटं बोलता येत नाही. म्हणून खरंच खाऊन येतो."

एवढी वर्षं ज्या पोह्यांसाठी आम्ही चमचे थांबवत होतो, ते हा माणूस देवाच्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून खात होता.

गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाची होती. अगस्टीन, म्हणजे गस्तू, राहतो हुडकेश्वरला. काकांची ड्यूटी तेव्हा तिकडच्या टाकीवर होती. गस्तूने मुख्य लाइनीवरून चोरून नळ घेतला होता. काकांनी स्वतः तक्रार दिली आणि स्वतः उभं राहून तो नळ कापला. दोन दिवसांवर गस्तूच्या पोरीचं लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि घरात थेंब नाही. ती पोर काकांची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरून जबाबदारी घेणारे काकाच.

"पण नळ चोरीचाच होता ना?" मी म्हटलं. "मग तुमचं काय चुकलं?"

"नळ कापणं बराबरच होतं. पण त्याच्या आदल्या रात्री गस्तू चार लोकांत मले 'काय रे चाबीवाल्या' म्हणे. ते डोक्यात होतं. कापताना मले मजा आली, नंदा. त्याची बायको बादली घेऊन उभी होती, अन् मले मजा आली. हे कुठं सांगू? फादरले सांगतलं. फादर म्हणे माफ झालं, पण भावाकडे जा. तेरा वर्षं झाले, गेलो नाही. फादर म्हणते प्रसाद घे. मीच नाही घेत." मग त्यांनी करंगळी दाखवली. "कॉलनीतले सारे दरवाजे झाले. हे एक राह्यलं."

मी गाडीची किल्लीच काढली. "आत्ता चला."

"आज रविवार आहे," काका म्हणाले. "शनिवारी."

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. एकच धाकधूक, म्हातारा ऐन वेळी कच खाणार, आणि मग हे राहिलं ते राहिलंच. शनिवारी बरोबर चारला बेल वाजली. पांढरा शर्ट, चपला पायरीखाली.

"आधी तुझं," काका म्हणाले. "तू मले लय घाई करून राहिली, तवा मनात आलं का ह्या बाईले दुसरं काम नाही. माफी दे."

"दिली. बसा मागे."

प्रताप नगर ते हुडकेश्वर त्या उन्हात काका माझ्या सीटचं हँडल घट्ट धरून होते. गस्तूच्या फाटकाशी उतरले आणि म्हणाले, "कुत्रा असंल. मंग येऊ." कुत्रा नव्हता. मी बेल दाबली आणि मागे सरले.

दार उघडलं. तेच नाक, तेच कान, फक्त पोट मोठं. काकांनी हात जोडले. "एक सांगाचं होतं." मग सगळं सांगितलं, बादलीसकट. मजा आली हेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

गस्तू ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मजा आली हे मले तवाच दिसलं होतं. तुझ्या तोंडावर काही लपत नाही. त्याचाच राग होता, नळाचा नव्हता." मग चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला. "चाबीवाला म्हणायले नव्हतं पाहिजे मी. आपल्या बाबाचंबी तेच काम होतं."

मला वाटलं आता दार लागतं. तेवढ्यात गस्तू आत वळून ओरडला, "बेनी आला आहे. पाणी आण वं. अन् सांग त्याले, मीटरचं आहे, पावती दाखवतो."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. गस्तूची बायको पदर सावरत, भरलेला तांब्या आणि पेला घेऊन धावतच आली. काकांनी पेला हातात घेतला, आणि तो कडेला ठेवायला जागा शोधू लागले. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. त्या दिवशीचे आभार फारच लांबले. गस्तू थांबला, त्याची बायको थांबली, मी फाटकाशी उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेसातला ठेल्यावर नेहमीची मंडळी. बबनने नेहमीसारखी पहिली प्लेट काकांपुढे केली. आम्ही चमचे भरले आणि थांबलो.

काकांनी प्लेट हळूच मागे सरकवली. "आज नाही गा बबन. मिस्सा झाली का येतो."

आणि निघाले. कडक इस्त्रीचा शर्ट, झपाझप पावलं, सत्तरीचा माणूस नुसता धावत सुटला होता. मी काय झालं ते तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. पोटात ठेवणं मला जमत नाही, आणि त्याची माफी मी काकांकडे शनिवारी मागितली.

सव्वानऊला काका परत आले. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. दहा-बारा माणसं भरल्या प्लेटा घेऊन उभी होती. पोहे गार झाले होते, आणि बबन तर्री तिसऱ्यांदा गरम करत होता.

"हे काय?" काका म्हणाले. "तुमी काहून थांबले?"

भोयर साहेबांनी घसा साफ केला. माइक नव्हता, भाषणही नव्हतं.

"मनात आलं," ते म्हणाले, "म्हणून."