धुरीकाकांची पट्टी

माशाला सॉरी म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर दर रविवारी सकाळी आमचे धुरीकाका गळाला लागलेला मासा ओल्या हातानं अलगद धरतात, पिशवीतून शाळकरी लाकडी पट्टी काढतात, मासा तिच्यावर ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवून नीट बघतात आणि म्हणतात, "सॉरी हां. दोन बोटां वाढ, मगे ये." मासा पाण्यात, आणि काका पुन्हा गळाला कोळंबी लावायला मोकळे.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. भांडुपच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर काम करून टर्नर म्हणून रिटायर झाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढा फरक पडला तरी अख्खा जॉब भंगारात टाकणारा हा माणूस. आता कारखाना राहिला नाही, म्हणून त्यांनी जेट्टी सरळ करायला घेतली आहे. मला गळ टाकून मासे गरवायला त्यांनीच शिकवलं. म्हणजे पहिले तीन रविवार गळ हातात न देता नुसते नियम शिकवले.

"खाडी कोणाच्या बापाची नाय," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, "पण जागा ज्याची त्याची." दोघांमध्ये दोन हात अंतर हवं. गळ भिरकावण्याआधी मागे बघायचं. बोट लागली की सगळ्यांचे दोर वर. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की "दोर वर" अशी हाक द्यायची, आपला दोर गुंडाळून त्याला वाट करून द्यायची आणि आतून कितीही जळत असलं तरी तोंडानं "झकास" म्हणायचं. सगळ्यात कडक कलम गुंत्याचं. दोन दोर गुंतले, तर ज्यानं मागाहून टाकला त्यानं आपला कापायचा. मग त्याच्या गळाला काही का लागलेलं असेना.

एकदा एकाचा गळ बोटीतून उतरणाऱ्या एका बाईंच्या ओढणीत अडकला. तो हसला, आणि तिथंच फसला. काकांनी त्याला गळ सोडवायला लावला, माफी मागायला लावली आणि त्या बाईंच्या दोन्ही पिशव्या देऊन बसस्टॉपपर्यंत पिटाळलं. तो परत येईपर्यंत त्याची जागा मात्र काकांनी स्वतः उभं राहून राखली.

एवढा नियमाचा माणूस, पण दहा वर्षांत एकही मासा घरी नेलेला नव्हता. त्याला कारण ती पट्टी. तिच्यावर लाल नेलपॉलिशची एक खूण आहे, काकूंनी करून दिलेली. मासा खुणेपर्यंत पोचला तर पिशवीत, नाहीतर खाडीत. बोय आल्या, शेंगाळे आले, पण खुणेपर्यंत कोणी पोचलं नाही. इकडे काकू दर रविवारी तिरफळं घालून माशाच्या आमटीचं वाटप वाटून ठेवणार, बाराच्या सुमारास काका रिकाम्या पिशवीनं जिना चढणार आणि त्या वाटपात उकडलेली अंडी पडणार. तिरफळं घातलेली अंडी मीही खाल्ली आहेत. त्याबद्दल न बोललेलं बरं.

"आमची काय बोलत नाय रे," काका एकदा मला म्हणाले. "पण एकदा तरी मी गरवलेलो मासो तिच्या ताटात पडूक व्हयो. बाजारातलो नको. माझो." बोलताना ते पाण्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं.

गेल्या थंडीतला एक रविवार. जेट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. काकांच्या डाव्या हाताला कांदिवलीहून आलेला एक नवा गडी होता, जिममध्ये कमावलेले दंड आणि हातात महागडा रॉड. काकांनी आमिष बदलून दोर टाकला आणि दोन मिनिटांत तो असा ताणला की काका दोन पावलं पुढे ओढले गेले. "दोर वर," मी ओरडलो. सगळ्यांनी भराभर दोर गुंडाळले. नव्या गड्याला ही हाक माहीतच नव्हती. तेवढ्यात मासा पाण्यातून उसळला. जिताडा होता. खुणेचं सोडा, त्याला पट्टीच पुरली नसती. आणि खाली पडला तो थेट नव्याच्या दोरात जाऊन गुरफटला.

"अंकल, तुम्ही खेचा ना यार," नवा म्हणाला. पोरगं चांगलं होतं. "माझीच लाईन मध्ये आलीय. मी कापतो."

काकांनी दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "तू कधी टाकलंस?"

"झाली असतील दहा मिनिटं."

"मी आता टाकलंय. थांब."

"काका, जाऊ द्या ना," मी म्हणालो. "तो स्वतःच कापतो म्हणतोय."

"नियम माझोच आसा, मंगेश."

त्यांनी खिशातून कात्री काढली. एकदा पाण्याकडे बघितलं. मग आपला दोर कापला आणि नव्याला म्हणाले, "झकास. आता तुझो गुंडाळ." एक हिसडा देऊन जिताडा तुटक्या दोरासकट निसटून गेला.

घरी पोचल्यावर काका थेट आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काकूंना सगळं सांगितलं.

"केवढो होतो?" त्यांनी विचारलं. मी हात पसरले. काकू हसल्या, आणि मग पदरानं डोळे टिपायला लागल्या.

"ती खूण मीच वर सरकवतंय, मंगेश," त्या हळूच म्हणाल्या. "खाऱ्या पाण्यान नेलपॉलिश जाता. नवीन लावताना दर बारी एक सूत वर."

"पण का?" मी विचारलं.

"रिटायर झाले तेव्हा सहा महिने घरात बसलेले. आधी माझ्या चपातेचो व्यास मोजीत. मगे ताही बंद. नुसते भिंतीकडे बघीत बसत. मी घाबरलंय. मासो गावलो तर ह्येंचा मन भरात आणि परत भिंतीकडे बसतले, असा वाटला माका." त्यांनी वाटपात माझ्यासाठी एक अंडं जास्त सोडलं. "पण ह्येंका तो इतको व्हयो होतो, ह्या माका म्हायत नव्हता."

पुढच्या रविवारी काकांनी जेट्टीवर पट्टी काढली, तर खूण तीन बोटं खाली आलेली. ताजी, चकचकीत. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"दहा वर्षांआधी हयच होती," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पस्तीस वर्षां मापां घेतलंय रे मी. सूत सरकला तर माका कळाचा नाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"खूण तिची. ती सांगीत तितको मोठो न्हेवचो होतो." त्यांनी गळाला कोळंबी लावली. "आणि ती वाट बघता ना दर रविवारी."

अकराच्या आत एक बोय लागली. पट्टीवर ठेवली, तर खुणेच्या एक सूत पुढे. काकांनी दोनदा मोजली. सगळी जेट्टी "झकास" म्हणाली, आणि तीही मनापासून. दहा वर्षांत पहिल्यांदा काकांच्या पिशवीत मासा पडला.

त्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून तिरफळांचा वास आमच्या तळमजल्यापर्यंत उतरला होता. मी तो वास घेत वरणभात जेवलो, आणि मला अजिबात राग आला नाही.

पुढल्या रविवारी काका जातील की नाही, याची काकूंइतकीच मलाही धाकधूक होती. सकाळी सहाला दारावर थाप पडली. खांद्याला पिशवी अडकवून काका उभे होते. त्यांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. खूण एक सूत वर सरकली होती.