इतर भांडी

‘बिनताट’मध्ये पाऊल ठेवल्याबरोबर निरीक्षकांना पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. दुपारचे तीन वाजले होते, निम्मी टेबलं भरलेली होती, माणसं चवीने जेवत होती, आणि तरी आत कसलाही आवाज नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की हॉटेलात जो खणखणाट असतो तो ताटवाट्यांचा असतो. इथे ताटच नाही, तर वाजणार काय?

ऑफिसात निरीक्षकांना सगळे ‘कोरडे’ म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खाद्यगृहं तपासायच्या नोकरीत एकतीस वर्षं काढून ज्याचे हात एकदाही ओले झाले नाहीत, त्याला सहकारी दुसरं काय म्हणणार? लाच राहिली बाजूला, तपासणीच्या ठिकाणी ते पाण्याचा घोटही घेत नसत. तहान लागली तर रस्त्यावर येऊन आपल्या बाटलीतलं पाणी पीत आणि पुन्हा आत जात. “तुमच्या प्रामाणिकपणाला फोडणी देता येत नाही,” असं बायको म्हणायची, तेही ते कोरडेपणानेच ऐकून घेत. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. हे हात जसे आणले तसे घरी न्यायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

तर ‘बिनताट’. शहरात नऊ शाखा, आणि प्रत्येक शाखेत आठवडाभर आधी टेबल राखून ठेवावं लागे. पदार्थ कशावरही मिळे, फक्त ताटात नाही. लोकांना त्याचं इतकं वेड लागलं होतं, की फावड्यावर वाढलेले बटाटे खाण्यासाठी माणसं रांगेत उभी राहत. चार महिन्यांपूर्वी याच शाखेच्या तपासणीला ऑफिसातला लंबू आला होता. त्याचा अहवाल पोचला, ‘सर्व उत्तम’, आणि पाठोपाठ रजेचा अर्ज. अर्जावर सहीच्या जागी तेलकट अंगठा होता. लंबूचं अक्षर अतिशय वळणदार, त्यामुळे त्या अंगठ्यावरून ऑफिसात थोडी कुजबुज झाली. मग कुणीतरी लंबूची खुर्ची आपल्या टेबलाशी ओढून नेली आणि कुजबुज थांबली.

मॅनेजरबाई पुढे आल्या. आवाज मऊ, पावलं त्याहून मऊ.

“भांडी दाखवा,” कोरडे म्हणाले आणि त्यांनी फॉर्म काढला. “पहिला रकाना. ताटं किती?”

“ताट नाही आमच्याकडे. एकही.”

“वाट्या?”

“नाहीत.”

“मग सील करावं लागेल. भांड्याशिवाय अन्न वाढता येत नाही.”

“भांडं म्हणजे काय हो, साहेब?”

हा प्रश्न कोरडेंना विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, “ज्यात किंवा ज्यावर अन्न वाढलं जातं, ती कोणतीही वस्तू.”

“कोणतीही?”

“कोणतीही. नियमावलीचा मसुदा मीच केलाय. एकेका शब्दावर महिना महिना घालवलाय.”

“मग आमची सगळी ‘इतर भांडी’त येतील,” बाई म्हणाल्या. त्यांच्या मागे एक पिकल्या केसांचा वाढपी उभा होता. तो कधी येऊन उभा राहिला ते कोरडेंना कळलं नव्हतं. तो हसला, पण हसण्याचाही आवाज झाला नाही.

कोरडेंनी मोजणी सुरू केली. फावडी चाळीस. इस्त्र्या सव्वीस. कौलं, झाऱ्या, टेबलांचे खण, उलट्या टांगलेल्या छत्र्या. एक पाळणा होता, त्यात पाव झाकून ठेवले होते, आणि जाता-येता वाढपी त्याला हलकेच झोका देत होता. कशावर डाग नाही, कशाला वास नाही. दोष सापडला नाही की कोरडेंना अस्वस्थ वाटे, आणि इथे तर सापडतच नव्हता. भटारखान्यात बाहेरची पादत्राणं चालत नाहीत हाही त्यांचाच नियम, म्हणून दाराशी बूट काढून ते मोजांवर आत गेले, आणि पाच वाजता बाहेर आले तेव्हा आकडा झाला होता चारशे अकरा.

टेबलावर त्यांनी हेल्मेट ठेवलं होतं. त्यात आता तळलेले बटाटे होते.

“हे माझं आहे,” कोरडे म्हणाले.

“होतं,” बाई म्हणाल्या. “आता त्यात अन्न वाढलंय. तुमच्या व्याख्येप्रमाणे...”

“कळलं मला. बटाटे काढा, हेल्मेट द्या.”

“तपासणी चालू असताना भांडं जागेबाहेर नेता येत नाही ना? कलम अकरा?”

कलम अकराच होतं. ते लिहिताना लोक रातोरात चांगली भांडी भाड्याने आणतात आणि परत करतात, हे कोरडेंच्या डोळ्यासमोर होतं. स्वतःचं हेल्मेट नव्हतं. पण नियम तो नियम. त्यांनी चारशे अकरा खोडून चारशे बारा केलं. तेवढ्यात नजर बॅगेकडे गेली. बॅगेच्या कप्प्यात शेवया वाढल्या होत्या, वर चीज किसून. चारशे तेरा. मग ते बुटांकडे धावले. डाव्यात टोमॅटोचं सूप होतं, उजव्यात पालकाचं. दोन्हींतून वाफ येत होती.

“हे थांबवा,” कोरडे म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना त्या शांततेत फार मोठा वाटला. जेवणाऱ्यांपैकी कुणी मान वर केली नाही.

चारशे पंधरा लिहावं, सही करावी आणि मोजांवर का होईना घर गाठावं, असं त्यांनी ठरवलं. पण पेन वाढप्याच्या हातात होतं. कोरडेंनी हात पुढे केला. “द्या इकडे.”

वाढप्याने पेन दिलं नाही. त्याने पळी उचलली आणि कोरडेंच्या तळहातावर रस्सा घातलेले मटार वाढले.

आता अन्न सांडताना दिसलं की माणूस विचार करत बसत नाही. कोरडेंचा दुसरा हात आपोआप पहिल्याखाली गेला, बोटं जुळली, ओंजळ झाली. एकही दाणा खाली पडला नाही. बाईंनी मान तिरकी करून ओंजळ पाहिली, जशी गृहिणी बाजारात कढई पाहते.

“चारशे सोळा,” त्या म्हणाल्या. “लिहा ना, साहेब.”

“हात मोकळे नाहीत.”

“म्हणजे मोजणी अपुरी. आणि मोजणी पुरी होत नाही तोपर्यंत...”

“भांडं बाहेर नेता येत नाही,” कोरडेंनी वाक्य पुरं केलं. आपलं कलम दुसऱ्याच्या तोंडी अर्धवट राहिलेलं त्यांना सोसवत नसे.

मटार टाकले की सुटका होती, हे त्यांना कळत होतं. पण जमिनीवर अन्न सांडणं हा कलम दोनखाली गुन्हा, आणि तो खुद्द निरीक्षकाने करायचा? बरं, खाऊन टाकावेत, तर एकतीस वर्षं पाण्यात. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मटार. रस्सा मनगटावरून हळूहळू बाहीत उतरत होता. कोरडेंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

बॅगेत, शेवयांच्या खाली, फोन वाजला. वाढप्याने तो काढला, पुसला आणि त्यांच्या कानाशी धरला.

“अहो, किती वेळ?” बायको.

“अगं, मी अडकलोय. हात ओले झालेत माझे.”

 ती अगदी हळू म्हणाली, “खरंच?”

“खरंच. मनगटापर्यंत.”

“एकदाचं सुचलं म्हणायचं,” ती मायेने म्हणाली. “कुणाला बोलू नका. घाई करू नका. मी ताईला सांगते, नवं कपाट बघून ठेव म्हणून.”

“अगं, तसं नाही, मटार...”

पण तिने फोन ठेवला होता. इतक्या प्रेमाने ती त्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती, आणि ते प्रेम भलत्याच माणसासाठी होतं, हे कोरडेंना फार लागलं.

बाईंनी त्यांना दंडाला धरून भिंतीकडच्या ओळीत नेलं. धरणं नाजूक होतं, काच धरावी तसं. ओळीत छत्र्यांच्या पलीकडे एक उंच माणूस ओंजळ धरून उभा होता. ओंजळीत मशरूम होते.

“लंबू?”

“हळू बोल,” लंबू ओठ न हलवता म्हणाला. “आवाज करणारं भांडं ते मागे टाकतात.”

“अरे, तू रजेवर आहेस ना?”

“संपली असेल रे रजा. मोजणी पुरी करायला कुणी आलंच नाही.”

“आणि तो ‘सर्व उत्तम’?”

“त्यांनी लिहिलं. मी अंगठा दिला. खोटं कुठे होतं? बघितलंस ना, डाग आहे कुठे?”

कोरडेंनी विचारलं, “त्रास होतो?”

“गरम सूप असलं की थोडा. बाकी माणसं वाकून बघतात, ‘वा’ म्हणतात, जाताना आभार मानतात. ऑफिसात कधी कुणी मानले?” त्याने कोरडेंच्या ओंजळीकडे पाहिलं. “फक्त बोटांत फट पडू देऊ नकोस. गळकं झालं की बाद.”

“बाद म्हणजे?”

 लंबू भटारखान्याच्या मागच्या दाराकडे बघत राहिला.

सहा वाजता मोठे साहेब आले. त्यांनी टेबल राखून ठेवलं होतं, सोबत त्यांची बायको होती. कोरडेंच्या जिवात जीव आला. मोजणी पुरी करायचा अधिकार निरीक्षकाला, नाहीतर त्याच्या वरिष्ठाला, आणि वरिष्ठ दहा पावलांवर खुर्ची ओढून बसले होते. “ओंजळीतले मटार” असं साहेबांनी फळ्यावर वाचून मागवलं. फळ्यावर ते लिहिलं कधी, कोण जाणे. कोरडेंना टेबलाशी नेण्यात आलं.

“तुमच्या ऑफिसची मोजणी अर्धी राहिलीय, साहेब,” बाईंनी फॉर्म पुढे ठेवला. “तुमच्या निरीक्षकांचे हात गुंतले.”

“कोरडेचे? शक्य नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला. “त्याचे कशातच गुंतत नाहीत. आमची डोकेदुखीच ती आहे.”

“साहेब,” कोरडे म्हणाले, “मीच कोरडे.”

साहेबांच्या बायकोने चमचा खाली ठेवला. “अहो, हे बोलतंय.”

“नव्या शाखांत असतं तसं,” साहेब म्हणाले. पण ते वाकले. कोरडेंनी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली होती, रोज सकाळी फाइल पुढे ठेवली होती, आणि साहेबांनी प्रत्येक वेळी फाइलकडेच पाहिलं होतं. आताही ते वाकले ते ओंजळीपर्यंत. त्यांनी बोटाने मनगटाची कड चाचपली, बोट वर करून उजेडात धरलं.

“कोरडं कुठे आहे?” ते म्हणाले. “चांगलं ओलं आहे.”

मग त्यांनी फॉर्म ओढला. इतर भांडी: चारशे सोळा. स्थिती: स्वच्छ. त्याखाली लफ्फेदार सही केली, मटार संपवले आणि जाताना, दारातून मागे वळून, “थँक्यू” म्हणाले. ते बाईंना उद्देशून असावं. पण कोरडेंच्या अंगावरून एक मोरपीस फिरलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लगेच त्यांना स्वतःची शिसारी आली. आणि तरी, पुढच्या टेबलाला रताळी वाढली गेली तेव्हा त्यांनी बोटं जरा आणखी घट्ट जुळवली.

आठला शाखा बंद झाली. वाढप्याने त्यांचे हात कोमट पाण्यात धुतले, नखांच्या कडांपर्यंत. आता हात मोकळे होते. दार वीस पावलांवर होतं, आणि दाराशी कुणी नव्हतं. कोरडेंनी त्या दाराकडे नीट पाहिलं. पण मोजणी पुरी झाली होती, सही झाली होती, आणि चारशे सोळातलं एक कमी भरलं असतं तर साहेबांचा अहवाल खोटा ठरला असता. खोटा अहवाल कोरडेंनी आयुष्यात कुठे राहू दिला नव्हता.

मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या. सगळ्यात खालच्या, लांब फळीवर लंबू आडवा झाला होता, पाठीवर, ओंजळ वर करून. त्याचे डोळे मिटलेले होते. ओंजळीत थोडं पाणी साचलं होतं.

बाईंनी शेजारची फळी फडक्याने पुसली. “तुम्हाला पालथं ठेवू की उताणं?”

कोरडेंनी लंबूच्या ओंजळीकडे पाहिलं, आणि त्यांना राहवेना.

“पालथं,” ते म्हणाले. “उताण्या भांड्यात पाणी साठतं, वास धरतो. हे असं ठेवतात का? त्यालाही पालथा करा.”

“हो, साहेब,” बाई म्हणाल्या, आणि वाढप्याने लंबूला अलगद पालथा केला. एकतीस वर्षांत कोरडेंची सूचना इतक्या तातडीने कुणी अमलात आणली नव्हती.