पाऊलठसा, डावा व उजवा

दुर्गेश लांजेवार या माणसाला मी फार जवळून ओळखतो. इतक्या जवळून की त्याची फजिती सांगताना माझेच कान गरम होतात. तरी सांगतो, कारण मी नाही सांगितली तर ऑफिसातले बडेबाबू सांगतील, आणि ते तिखटमीठ लावून सांगतात.

तर हा दुर्गेश नागपूरच्या महाल भागात राहतो आणि खापरखेड्याच्या वाटेवरच्या एका नगरपरिषदेत नोकरी करतो. नगरपरिषदेचं नाव सांगत नाही, तिनं त्याच्यापायी आधीच बरंच सोसलंय. हुद्दा मोठा झोकदार: पर्यावरण समन्वयक. काम एवढंच की आपल्या वीज-पेट्रोलपायी हवेत किती धूर जातो ते मोजायचं आणि तो कमी करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचं. नोकरी मात्र अकरा महिन्यांच्या कराराची, आणि करार येत्या एकतीस तारखेला संपत होता. मुख्याधिकारी प्रीती मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी बारा वाजता मला कर्मचाऱ्यांचा कार्बन फूटप्रिंट दाखवा. ते काम बघून तुमच्या कराराचं ठरवते. आणि परिपत्रक मराठीत काढा, सगळ्यांना कळेल असं."

मराठी म्हणजे तर दुर्गेशचा प्रांत! शाळेत निबंधाला कायम पहिला नंबर. मोहल्ल्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्याच्या हातच्या. फूटप्रिंटला 'पदचिन्ह' हा शब्द त्याला सुचला, पण तो फार देवळातला वाटला. मग 'पाऊलठसा' सुचला आणि गडी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आला. सोमवारी परिपत्रक निघालं:

"एक. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला कार्बन पाऊलठसा सोबतच्या नमुन्यात शुक्रवारपर्यंत सादर करावा. दोन. ज्यांचा ठसा मोठा आढळेल, त्यांनी तो तीस टक्क्यांनी कमी करावा. तीन. सर्वात मोठा ठसा असणाऱ्याचे नाव दर्शनी फलकावर लावण्यात येईल."

सोबतचा नमुना पाठीमागच्या पानावर होता. ऑफिसला कसे येता, घरी वीज किती जळते, असे साधे दहा प्रश्न.

"असं परिपत्रक काढलंय," तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "की वाचल्यावर कोणाला एक शंका विचारायची गरज पडणार नाही."

"तू लिहिलेलं आणि शंका नाही?" रितिका म्हणाली. "भाजी घे."

आणि खरंच, कोणी एकही शंका विचारली नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

मंगळवार ते गुरुवार दुर्गेश सीताबर्डीच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला होता. विषय हाच, कार्बन. हॉल इतका थंड की लोक शाल पांघरून पृथ्वीच्या तापण्यावर चर्चा करत होते. शुक्रवारी साडेदहाला तो आपल्या मोटारसायकलवरून फटफटत ऑफिसात पोचला आणि दारातच थबकला. आस्थापना शाखेपुढे ही लांब रांग! त्याचा ऊर भरून आला. लोकांना पर्यावरणाची इतकी कळकळ असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मग त्याचं लक्ष खाली गेलं. रांगेतले सगळे अनवाणी होते, आणि फरशीवर इकडून तिकडे जांभळी पावलं उमटली होती.

रांगेच्या टोकाला दत्तोपंत बसले होते. दत्तोपंत म्हणजे आमचे बडेबाबू, आस्थापनेचे हेडक्लार्क. कागदावर लिहिलेलं असेल तेच करायचं, कमी नाही आणि जास्त नाही, या एका नियमावर त्यांची एकतीस वर्षं निघाली. त्यांच्यासमोर फरशीवर कोरा कागद, त्यावर कार्बन पेपर, आणि कार्बन पेपरवर घंटागाडीचा ड्रायव्हर विक्की चवड्यांवर उभा राहून डुगडुगत होता.

"झालं नं, बडेबाबू?"

दत्तोपंतांनी कागद उचलून चष्म्याजवळ नेला. "टाच नाही. ठसा अपूर्ण. परत दे."

"तीस टक्के कपात हाय नं ते!"

"कपात नंतर. आधी आहे तेवढा पाय दाखव."

दुर्गेश रांग मोडून पुढे घुसला. "बडेबाबू, हे काय चाललंय?"

"तुमचंच काम करून राहिलो," दत्तोपंत प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "चौसष्टपैकी एकसष्ट झाले. ही रांग ठसा अपूर्ण निघालेल्यांची. कॉम्प्युटर आल्यापासून कार्बनचे दोन डबे कपाटात पडून होते. मी म्हणतच होतो, फेकू नका, शासन एक ना एक दिवस मागणार. उन्हानं जरा वितळलेत, तळपायाला चिकटतात. पण ठसा बघा, नखसुद्धा दिसतं."

"अहो, पण मागचा नमुना? प्रश्न?"

"मागं कोरं होतं. झेरॉक्स एकाच बाजूची आली. मग नमुना मीच केला."

नमुना सुबक होता. दोन चौकोन: डावा व उजवा. खाली लांबी, रुंदी, साक्षीदाराची सही आणि कार्यालयाचा शिक्का. शेरा असा एक रकानाही होता. पाणीपुरवठ्याच्या एका लिपिकापुढे शेरा होता, 'उजव्या पायास सहा बोटे. जादा बोटाबाबत मार्गदर्शन व्हावे.'

दुर्गेशने खुर्चीत बसून घड्याळ पाहिलं. पावणेअकरा झाले होते. बारा वाजता मॅडम, आणि हातात काय, तर एकसष्ट माणसांचे तळवे. पण डोकं लगेच चालायला लागलं, अशा वेळी त्याचं डोकं फार जोरात चालतं. चूक कोणाची? झेरॉक्स कोणी केली? आस्थापनेने. नमुना कोणी केला? दत्तोपंतांनी. मॅडमसमोर एवढंच म्हणायचं, 'आस्थापना शाखेच्या गैरसमजामुळे', की आपण सुटलो. वाक्य त्याने मनात दोनदा घोळवलं. मराठी चांगली होती.

तेवढ्यात भागीरथाबाई चहा घेऊन आल्या. भागीरथाबाई शिपाई, रिटायर व्हायला सात महिने उरलेले. उंच्यापुऱ्या, दणदण चालणाऱ्या. आज मात्र त्या भिंतीला धरून येत होत्या. कप ठेवला आणि गेल्या नाहीत.

"साहेब, एक विचारू का जी?"

"विचारा."

"मायंच नाव लागते का फलकावर? बडेबाबू म्हणे, माया पाय सर्वात मोठा निघाला. नऊ नंबर, मर्दाची चप्पल घालतो मी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पोरीच्या सासरचे रोज त्याच रस्त्यानं जातेत. ते वाचतीन त काय म्हणतीन? म्या काय चोरी केली का? मले लय लाज वाटून राहिली, साहेब."

"अहो भागीरथाबाई, तसं काही—"

"तीस टक्के कमी करा म्हणता, त मी करून राहिली. मंगळवारपासून नातीचे शाळेचे बूट घालतो." त्यांनी लुगडं जरासं वर केलं. काळे, बक्कलाचे, पोरीचे बूट. टाचा बाहेर लोंबत होत्या आणि दोन्हींवर फोड आले होते. "पण पाय काही ऐकून नाही राहिला."

दुर्गेशने कप बाजूला सारला. आपल्या एका शब्दापायी ही बाई तीन दिवस असं चालते आहे, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने खाली वाकून त्यांच्या बुटांची बक्कलं सोडली. भागीरथाबाई "अवं बाप्पा" म्हणून मागे सरकल्या.

बारा वाजता मॅडमच्या केबिनमध्ये दत्तोपंतांनी एकसष्ट कागदांची जाडजूड फाइल ठेवली. मॅडमनी पहिला कागद सरळ धरून पाहिला, मग आडवा, मग उलटा.

"हे काय आहे?"

"कार्बन पाऊलठसा, मॅडम," दत्तोपंत अभिमानाने म्हणाले. "डावा व उजवा."

मॅडमनी दुर्गेशकडे पाहिलं. दुर्गेशचं वाक्य ओठावर तयार होतं. दत्तोपंत शेजारी हसतमुखाने उभे होते, तीन दिवस फरशीवर वाकून त्यांची कंबर धरली होती. दाराशी भागीरथाबाई अनवाणी उभ्या होत्या, फलकाचं काय ठरतं ते ऐकायला.

"मॅडम, शब्द माझा आहे," दुर्गेश म्हणाला. "बडेबाबूंनी लिहिलं तेवढंच केलं. लिहिलंच मी असं होतं की कोणाला कळू नये. आणि झेरॉक्स बघायला मी जागेवर नव्हतो."

मॅडम बराच वेळ सहा बोटांच्या पायाकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग फाइल बंद करून त्या म्हणाल्या, "खरे प्रश्न आहेत ना तुमच्याकडे? सगळ्यांना एकत्र बसवा आणि तोंडी विचारा. चारपर्यंत मला आकडे हवेत. तुम्ही स्वतःही भरा."

मग सभागृहात सगळे जांभळे पाय पसरून बसले आणि दुर्गेशने एकेकाला साध्या भाषेत विचारलं. कशानं येता? घरी पंखे किती? लोक भराभरा सांगत होते. तासाभरात चौसष्ट जणांचं झालं, परिपत्रकाशिवाय. भागीरथाबाईंचा ठसा सगळ्यात लहान निघाला. दोन दिवे, एक पंखा, आणि ऑफिसला येणं पायी, त्याच नऊ नंबरी पायांनी.

सगळ्यात मोठा ठसा कोणाचा, ते दत्तोपंतांनी मॅडमसमोर वाचून दाखवलं. लिहिलेलं सगळं वाचायचं ही त्यांची सवय. "महाल ते ऑफिस रोज जाऊनयेऊन पन्नास किलोमीटर, मोटारसायकल, एकटा. घरी एसी, दोन. ऑफिसात एसी, खास मागून घेतलेला. नाव: दुर्गेश लांजेवार, पर्यावरण समन्वयक."

दुर्गेश केबिनमधल्या एसीखालून जरा बाजूला सरकला.

"तुमचा करार वाढवावाच लागेल," मॅडम म्हणाल्या. "परिपत्रकातला मुद्दा दोन. ठसा तीस टक्के कमी करायला तुम्हाला अकरा महिने तर लागतीलच. सोमवारपासून बसने या."

दुर्गेशने सुटकेचा श्वास सोडला, पण जरा लवकरच सोडला. बाहेर दत्तोपंत शाईपेन घेऊन फलकाजवळ उभे होते.

"मुद्दा तीन, लांजेवार साहेब. आणि नावाखाली ठसा जोडावा लागेल. तुमचा राहिलाय. बूट काढा."

दुर्गेशने बूट काढले, मग मोजेही. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं; हे मला कसं माहीत ते विचारू नका. सगळ्या ऑफिससमोर त्याने कार्बनवर पाय ठेवला, डावा व उजवा, टाचेसकट. साक्षीदार म्हणून विक्कीने आनंदाने सही केली. संध्याकाळी फलकावर मोठ्या अक्षरांत नाव लागलं आणि खाली दोन जांभळी पावलं.

घरी जाताना भागीरथाबाई फलकापाशी थांबल्या. मर्दानी चपला पुन्हा पायांत होत्या. त्यांनी ठशावर आपली वीत ठेवून पाहिली, मग शेजारी उभ्या असलेल्या दुर्गेशकडे वळून काळजीने म्हणाल्या,

"एवढासाच त पाय हाय जी तुमचा. यानं एवढी घाण कशी केली?"