न्हाणीच्या दारावर उभे राहिलेले नाना

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या नानांनी एका सकाळी न्हाणीचं दार उचकटून नेलं, हे कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे. तोंडाने सांगायला मला अजून लाज वाटते, कारण त्या वेळी मी आत होते.

लुगडं अंगावर होतं म्हणून निभावलं. नाना माझे मोठे दीर, त्यांच्यापुढे मी कधी बोलत नसे, त्यामुळे 'मी आत आहे' एवढं म्हणायचंही धैर्य झालं नाही. नुसता तांब्या वाजवला. बाहेरून नाना म्हणाले, "शुक!" त्यांना मांजर वाटलं. मग बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून निघाले, दार बाजूला झालं, आणि आम्ही दोघं समोरासमोर. नाना दाराआड तोंड लपवून तसेच चालते झाले, दारासकट.

नाना मखमलाबादच्या बाजूला डाव्या पाटावर चौतीस वर्षं पाटकरी होते. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, ते त्यांच्या हातात. एका बागायतदाराने द्राक्षांची पेटी आणून ठेवली आणि पाच मिनिटं आधी पाणी सोडा म्हणाला. नानांनी पेटी परत पाठवली आणि पाणी पाच मिनिटं उशिरा सोडलं. 'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ नाही, नोंद घ्या. मांजर व्यायली, नोंद घ्या. माझ्या जाऊबाई वारल्या तेव्हा दवाखान्यातून येऊन ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "नऊ वाजून वीस मिनिटं. नोंद घ्या."

तेव्हा त्यांची शालू आठ वर्षांची होती. ती माझ्याच हाताखाली वाढली, कोल्हापूरला नर्सिंग शिकली आणि मालवणच्या पुढच्या एका गावातल्या मासेमारी करणाऱ्या घरात स्वतःच्या मनाने लग्न करून मोकळी झाली. जोडीने पाया पडायला आली तेव्हा नानांनी सगळ्या वस्तीसमोर सांगितलं, "तुझ्या गावच्या मातीला माझा पाय लागणार नाही. नोंद घ्या." नानांचा शब्द म्हणजे पाटाचं बंद केलेलं गेट. आवर्तन संपलं की कोणी रडलं तरी ते उघडत नसे.

पाच वर्षं अशी गेली. शालूची पत्रं माझ्या नावाने यायची. मी ती आतल्या खोलीत मोठ्याने वाचायची, म्हणजे बाहेर ओट्यावर ऐकू जावीत. जोडाक्षराला मी अडखळले की बाहेरून आवाज यायचा, "परत वाच." मग कळलं, न अडखळलेली ओळसुद्धा ते परत वाचायला लावतात. अठ्ठ्याण्णव साली तिला मुलगी झाली, ती ओळ मी चार वेळा वाचली.

पुढच्या पत्रात एक फोटो होता. जावईबापू गोऱ्या पाहुण्यांना समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायला शिकवत होते, आणि फोटोत तशाच फळीवर आमची शालू उभी होती, पंजाबी ड्रेस घालून, खाली नुसतं पाणी. मी तो घाईने पाकिटात परत घातला. संध्याकाळी पाहिलं तर पाकिटातून फोटो गायब, आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीचं दार गेलं.

दार कशाला नेलं ते नानांनी माझ्या मालकांना सांगितलं, मी आतून ऐकलं. समुद्र कोणाच्या गावचा नसतो. फळीवरून गेलं तर मातीला पाय लागत नाही. किनाऱ्याजवळ जायचं, नात लांबून बघायची आणि परत फिरायचं.

मालक म्हणाले, "मग होडीत बसून जा की."

"होडी जावयाची. त्याच्या होडीत बसलो म्हणजे मी नमलो. आपल्या पायावर जाईन."

"नाना, तुमचं वय एकसष्ट हाय."

"फळीला काय माहीत?"

शिकवायला कोणी नव्हतं. नाशकात समुद्र नाही. पण पाट आमच्या वस्तीखाली जिथे एक दगडी टप्पा उतरतो, तिथे पाणी खाली आदळून पुन्हा वर उसळतं आणि एक लाट तयार होते. ती पुढे जात नाही, जागच्या जागी उभी राहते. चौतीस वर्षं ती लाट पाहणारा माणूस नाशकात एकच होता. नानांनी दाराला रंधा मारला, वर सायकलच्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या. कडी मात्र तशीच ठेवली, धरायला उपयोगी पडते म्हणून. वरच्या अंगाला बाभळीला दोर बांधला. अंगात खात्याची खाकी हाफ पँट, डोक्यावर टोपी, आणि टोपी जाऊ नये म्हणून हनुवटीखाली परकराची नाडी. ती नाडी माझ्या परकराची होती. वाळत घातलेल्या परकरातून त्यांनी ती कधी ओढून घेतली ते मला त्या दिवशी पाटावर धुणं धुताना कळलं, आणि मी त्या धुण्यात तोंड खुपसलं.

पहिल्या दिवशी दार एकटंच तरलं. नाना खालच्या मोरीत सापडले, टोपीसकट. दुसऱ्या दिवशी दार त्यांच्या अंगावरून गेलं. पलीकडच्या कोबीच्या शेतातल्या बाया खुरपी टाकून बघायला येऊ लागल्या. एक म्हणाली, माणूस न्हाताना दार आतून लावतो, ह्यो म्हातारा दारावरच बसलाय. नाना गुडघे सोलून घ्यायचे, हळद लावायचे आणि पाणी असेतोवर रोज यायचे. आवर्तन बंद झालं की कोरड्या पाटाकडे बघत पुढच्या पाण्याची वाट बघायचे.

एके दिवशी ते माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मंदे, तू आकडे मोज. किती वेळ उभा राहिलो ते मला आतून कळत नाय." मीही पाठ करून उभी राहिले आणि दीर-भावजयीतलं पहिलं बोलणं सुरू झालं: मी नुसते आकडे म्हणायची, मागे पाण्यात धप्प झालं की थांबायची. मार्चपर्यंत मी तीनच्या पुढे गेले नाही. एप्रिलच्या पाण्याला अकरापर्यंत पोचले आणि घाबरून वळून पाहिलं. नानांनी दोर सोडला होता. दोन्ही हात पसरून ते पाण्यावर उभे होते, वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून. कोबीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

मेमध्ये आम्ही तिघं निघालो. एसटीच्या टपावर दार पाहून कंडक्टर म्हणाला, "आजोबा, घर पण आणायचं होतं." शालूला मी पत्र टाकलं होतं. आम्ही अलीकडच्या गावात उतरलो. मध्ये खाडीचं मुख, समोर समुद्र. इकडची वाळू त्या गावाची, पलीकडची शालूच्या गावाची. पलीकडे शालू, कडेवर पोर, शेजारी जावईबापू. नाना दार घेऊन पाण्यात शिरले, पोटावर पडून हाताने वल्हवत पलीकडे गेले.

आणि तिथे त्यांनी भलतंच केलं. त्यांनी दार फिरवलं आणि समुद्राकडे तोंड केलं. पाटावर लाट समोरून येते आणि तिथेच उभी राहते. इथली लाट उभी राहायला तयार नव्हती. एक डोक्यावरून गेली. दुसरी आली तेव्हा नाना उठले, हात पसरले, आणि लाटेने त्यांना उचलून उलटं, पाठमोरं, किनाऱ्याकडे आणलं. माझ्या तोंडून आपसूक आकडे निघत होते. सहाला दार वाळूला घासलं. नाना त्यावर धपकन बसले आणि दोन्ही पाय वर उचलून धरले.

लाट मागे गेली. दार कोरड्या वाळूवर, चारी बाजूंनी शालूच्या गावची माती.

आम्ही होडीने पोचेपर्यंत शालू दाराशी गुडघे टेकून बसली होती. म्हणत होती, "नाना, उतरा ना."

"शब्द दिलाय."

"मग पाठ करून का आलात?"

नानांनी दाराची कडी दोनदा वाजवली. मग म्हणाले, "तुझं तोंड दिसलं असतं तर उभा राहिलो नसतो."

जावईबापूंनी दाराचं वजन अजमावलं. तीन भावांना हाक मारली, चौघांनी दार खांद्यावर घेतलं आणि नानांना वरच्या वर घरात नेऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. नाना कडी घट्ट धरून बसले होते. दारावरच जेवले, दारावरच झोपले. पोर लांबून बघायची, जवळ येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दार रिकामं. बाहेर धावले. नाना ओल्या वाळूत अनवाणी होते. पोरीला गार वाळूत पाय टेकवायचा नव्हता, म्हणून तिला त्यांनी स्वतःच्या पावलांवर उभं केलं होतं आणि तिचे दोन्ही हात धरून एकेक पाऊल टाकत होते. त्यांचा पाय उचलला की तिचा उचलायचा. मागे वाळूत एकाच माणसाची पावलं उमटत होती.

मी आत आले, पदर सावरला आणि चुलीपाशी बसले. शालूने विचारलं, नाना उठले का. मी म्हणाले, "दारावरच झोपलेत. तिकडे जाऊ नकोस."