फेरतपासणीत जिंकलेले डाव

चुकांमधून माणूस शिकतो, याबद्दल सर्व शहाण्या माणसांचं एकमत आहे. (चुकलेल्या माणसांचं मत अद्याप मागवण्यात आलेलं नाही.) मात्र शिकण्यासाठी आधी चूक सापडावी लागते आणि ती स्वतःची असावी लागते. या दोन जाचक अटींमुळे जगात शिकण्याचं प्रमाण एकूण बेताचंच राहिलं आहे. अशा परिस्थितीत ज्या माणसाने सलग अकरा वर्षं, दर रविवारी, स्वतःच्या चुका स्वतःच्या हाताने मांडून तपासल्या, त्याची हकिगत सांगणं भागच आहे.

हा माणूस बस आगारात अपघात चौकशी अधिकारी होता. ड्रायव्हर मंडळी त्याला तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'तपासनीस' म्हणत. पाठीमागची नावं जास्त टिकाऊ असतात, म्हणून इथे तेच घेतलं आहे. तेवीस वर्षांच्या नोकरीत तपासनिसांनी सहाशे अकरा चौकशा हातावेगळ्या केल्या. त्यांत दोषी ठरले ते असे: चालक, सहाशे नऊ; पादचारी, एक; कुत्रा, एक (पळून गेल्यामुळे त्याचा जबाब होऊ शकला नाही). आगाराचा दोष एकदाही निघाला नाही, यावरून आगाराचा कारभार किती चोख होता ते कळतं.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी तपासनीस एक ठरलेलं वाक्य लिहीत: 'चालकाचा जबाब प्रामाणिक आहे, परंतु खरा नाही.' या वाक्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. दिव्याच्या खांबावर बस नेऊन आदळणारा ड्रायव्हर समोर उभा राहून गळ्याची शपथ घेऊन सांगे, "साहेब, तो खांब आधी तिथे नव्हताच." नवखा अधिकारी म्हणाला असता, खोटारडा आहे. तपासनीस तसं म्हणत नसत. ते शांतपणे समजावत, की या बिचाऱ्याने अपघातानंतर मनातल्या मनात तीच बस शंभर वेळा चालवली आहे आणि शंभरही वेळा खांब चुकवला आहे. आता त्याला खरोखरच खांब आठवत नाही. मग ते त्याची पगारवाढ रोखत.

रविवारी सकाळी मात्र तपासनीस ठेवणीतला निळा शर्ट घालून घड्याळवाल्यांकडे जात. घड्याळवाले म्हणजे दोन गल्ल्या सोडून घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवणारे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. दुकानामागच्या खोलीत दुरुस्तीला आलेली चौदा घड्याळं चौदा वेगवेगळ्या वेळा दाखवत टांगलेली असत आणि त्यांच्याखाली दोघं गो खेळत. हा खेळ समजायला सोपा आहे. पटावर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा रेघांच्या छेदावर ठेवायचा आणि होईल तितकी जागा घेरायची. शत्रूचे खडे चारी बाजूंनी कोंडले तर ते उचलून घ्यायचे, त्याला खाणं म्हणतात. आणि एकदा ठेवलेला खडा पुन्हा हलवायचा नाही. खेळात एवढा एकच नियम दुष्ट आहे.

अकरा वर्षांत दोघांनी पाचशे अठ्ठेचाळीस डाव खेळले. तपासनीस त्यांतले पाचशे पंचवीस हरले. उरलेले तेवीस जिंकले (पैकी नऊ वेळा घड्याळवाल्यांना ताप होता). दुसरा कुणी असता तर त्याने खेळच सोडून दिला असता, पण तपासनीस चुकांना घाबरणारे नव्हते. त्यांनी फेरतपासणीची पद्धत सुरू केली आणि तिचे नियमही स्वतःच घालून दिले. डाव संपताच सगळे खडे उचलून तो पहिल्या खेळीपासून आठवणीने पुन्हा मांडायचा. मांडायचा तो हरलेल्याने, काळे आणि पांढरे दोन्ही. जिंकलेल्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण त्याला चुकांचा अनुभव नसतो.

तपासनीस मांडायला बसले की बघत राहावं. चाळिसाव्या खेळीपर्यंत सगळं जसंच्या तसं येई. पुढे जिथे डाव अडचणीत येई, तिथे त्यांचा हात एक बोटभर बाजूला पडे. मुद्दाम नव्हे. तो खडा तिथेच ठेवला होता, हे त्यांना अगदी स्वच्छ आठवे. त्यावर घड्याळवाल्यांचं उत्तरही तेच मांडत आणि ते साहजिकच जरा कच्चं पडे. दीडशेव्या खेळीपर्यंत घड्याळवाल्यांच्या नाकी नऊ येत आणि दोनशेच्या आसपास तपासनीस खुर्चीला पाठ टेकून म्हणत, "म्हणजे तसा डाव माझाच होता." फेरतपासणीनंतरचा सुधारित निकाल: खेळलेले डाव पाचशे अठ्ठेचाळीस, जिंकलेले पाचशे अठ्ठेचाळीस. गो खेळात पांढरे खडे मानाने वरचढ खेळाडूकडे असतात. ते अकरा वर्षं तपासनिसांकडे होते, आणि वरचा निकाल पाहता त्यात काही गैर नव्हतं.

घड्याळवाले या सगळ्या काळात मिठाची गुळणी धरून बसले. नियमच तसा होता. शिवाय आपल्याच खड्यांना दर रविवारी एवढ्या निष्ठेने हरताना पाहायलाही सवय लागते.

मग एका रविवारी ती खेळी झाली.

पंचाऐंशी खेळ्यांनंतर घड्याळवाल्यांची स्थिती बिकट होती. त्यांच्या काळ्या खड्यांचे दोन मोठे गट पटाच्या मध्यावर एकमेकांपासून तुटून पडले होते. शहाऐंशीवी खेळी तपासनिसांची. कोपऱ्यात तीन काळे खडे कोंडलेले दिसत होते. तपासनिसांनी शेवटची बाजू बंद केली, ते तिन्ही खाल्ले आणि सवयीप्रमाणे शर्टाच्या खिशात टाकून खुळखुळवत बसले. घड्याळवाल्यांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. वीस मिनिटं ते हलले नाहीत. मग त्यांनी घड्याळाचा चिमुकला स्क्रू ठेवावा तशा हलक्या बोटांनी एक काळा खडा तपासनिसांनी घेरलेल्या जागेत, अगदी मध्यावरच्या फटीत ठेवला. पाहणाऱ्याला वाटावं, हा आता मेला. पण त्या एका खड्याने दोन्ही मरणारे गट जोडले गेले आणि उलट तपासनिसांचाच अख्खा मध्य कोंडला गेला. सत्त्याऐंशीवी खेळी. घड्याळवाले खुर्चीवरून उठून उभेच राहिले. चाळीस वर्षं खेळत होते, पण असं काही आपल्या हातून होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

डाव संपला. फेरतपासणी सुरू झाली. त्या दिवशी घड्याळवाले पहिल्यांदाच पुढे सरकून, हनुवटीखाली हात घेऊन बसले होते. पंचाऐंशी खेळ्या बिनचूक मांडल्या गेल्या. मग तपासनिसांनी पांढरा खडा उचलला आणि क्षणाचाही विचार न करता मध्यावरच्या त्या फटीत ठेवला. जिथे घड्याळवाल्यांची खेळी पडली होती, बरोबर तिथेच.

"साहेब, तुमचा खडा तिथे नव्हता."

"तिथेच होता. मला पक्कं आठवतंय."

"तुम्ही कोपऱ्यात तीन खडे खाल्लेत."

"कोपऱ्यात? मी? एवढी बाळबोध चूक मी करीन होय? अहो, तुमचं वय झालं आता, होतं असं."

घड्याळवाल्यांनी पटाकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "अकरा वर्षं दर रविवारी मी दोन डाव खेळलो साहेब. एक जिंकलो, एक हरलो. म्हटलं चालायचंच, तुम्हाला बरं वाटतंय ना. पण आयुष्यात एकच खेळी धड खेळलो, तीसुद्धा तुम्ही दुरुस्त केलीत."

तपासनीस ताडकन उठले. खोटं पाडणाऱ्याच्या घरी आपण पाणीही घेत नाही असं सांगून (चहा घेऊन झाला होता) ते निघून गेले. पुढच्या रविवारी दुकानाच्या दारावर पाटी लागली: 'रविवारी बंद'.

यामुळे चुकांचा पुरवठा थांबला. तपासनिसांनी घरी दोन्ही बाजूंनी एकट्याने खेळून पाहिलं, पण दोन्हीकडून तेच जिंकले आणि शिकण्यासारखं काही हाती लागलं नाही. शेवटी त्यांनी भांडणाचीच चौकशी केली आणि अडीच पानी अहवाल लिहिला. निष्कर्ष असा, की घड्याळवाल्यांचा जबाब वार्धक्यामुळे विश्वसनीय नाही. खाली ठरलेलं वाक्य लिहिलं आणि सही केली. आणि तरीही रविवारची सकाळ काही केल्या सरेना. ते बूट पुसत, पेपर दोनदा वाचत, खिडकीपाशी जाऊन येत. त्यांना घड्याळवाल्यांची फार आठवण येत होती. हे अहवालात नव्हतं.

तिसऱ्या रविवारी बायकोने खुंटीवरचा निळा शर्ट धुवायला काढला. खिसे तपासायची तिची जुनी सवय.

"अहो, हे तीन काळे दगड कसले?"

"गोचे आहेत ते. खाल्लेले."

"कधी खाल्लेत?"

"हे बघ, खाल्लेले खडे मी खिशात टाकतो आणि फेरतपासणी संपल्यावर परत..." तपासनीस बोलता बोलता थांबले. त्या डावात खाता येण्याजोगे काळे खडे फक्त कोपऱ्यात होते. कोपऱ्यात तीन होते. आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे कोपऱ्यातले खडे त्यांनी खाल्लेच नव्हते. तरी खडे तीनच होते आणि हातात लागत होते.

त्यांनी अहवाल काढला, शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य वाचलं आणि मग खुर्चीवर हळूच बसून बायकोला सगळं सांगितलं. अकरा वर्षांचं. डावाचं, हाताचं, बोटभर अंतराचं.

तिने शर्ट झटकला. "असं होय? मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही हे फक्त माझ्याशीच करता."

तपासनिसांनी तिन्ही खडे मुठीत घेतले. ते चपला घालून निघाले.

'रविवारी बंद'च्या पाटीवर त्यांनी बराच वेळ ठोठावलं. दार उघडल्यावर त्यांनी आधी मूठ पुढे केली. "तुमचे तीन आहेत माझ्याकडे." घड्याळवाल्यांनी खडे पाहिले, माणूस पाहिला आणि बाजूला झाले.

तपासनिसांनी डाव पहिल्यापासून मांडला. घड्याळवाले नियमाप्रमाणे गप्प. पंचाऐंशी झाल्या. शहाऐंशीव्या खेळीला तपासनिसांचा हात आपणहून मध्यावरच्या फटीकडे निघाला. ते त्या हाताकडे बघत राहिले, जसे ते खांबावर बस घातलेल्या ड्रायव्हरकडे बघत. मग त्यांनी तो ओढून कोपऱ्यात नेला, खडा ठेवला आणि तीन काळे उचलले. कान लाल झाले होते. एवढी साधी गोष्ट करायला त्यांना घाम फुटला होता.

काळा खडा उचलायची पाळी आली तेव्हा त्यांनी काळ्यांचा डबा पलीकडे सरकवला. "ही तुम्ही ठेवा."

घड्याळवाल्यांनी एक खडा घेऊन सदऱ्याला पुसला आणि फटीत ठेवला. तपासनीस वाकून पाहत राहिले. पहिल्यांदा झाली तेव्हा ती खेळी त्यांनी पाहिलीच नव्हती, त्यांना फक्त आपलं नुकसान दिसलं होतं. "सुंदर आहे हो," ते म्हणाले. सहाशे अकरा अहवालांत हा शब्द एकदाही आला नव्हता. घड्याळवाल्यांनी उगाचच भिंग डोळ्याला लावलं आणि काच पुसायला पुन्हा काढलं. मग म्हणाले, "चहा टाकतो."

पुढच्या रविवारी तपासनिसांनी काही न बोलता काळ्यांचा डबा आपल्याकडे ओढला. डाव हरले. फेरतपासणीतही हरले. अकरा वर्षांत एका दिवसात दोन पराभव ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होती आणि तिची नोंद त्यांच्या वहीत 'चूक क्रमांक एक' अशी आहे.

हकिगत इथे संपवली असती तर सर्वांचं समाधान झालं असतं. पण महिन्याभरातच तपासनीस आगारात ड्रायव्हर लोकांना ही गोष्ट सांगू लागले. आपली चूक आपण कबूल करायला छाती लागते, असं ते सांगत. त्या गोष्टीत त्यांना आपली चूक रविवारी बूट पुसता पुसता एकदम स्वतःहून उमगते. तिच्यात निळा शर्ट नाही, बायको नाही, आणि तीन खडे तर नाहीतच. ते गळ्याची शपथ घेऊन सांगतात. जबाब पूर्णपणे प्रामाणिक आहे.

आता वाचकांसाठी एक छोटं काम. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलंच असेल. साहेब, मेव्हणा, सासूबाई, जो कोणी हुबेहूब असाच आहे तो. त्या माणसाशी तुमचं जे शेवटचं भांडण झालं, ते पहिल्या वाक्यापासून आठवणीने मांडा. दोन्ही बाजूंची वाक्यं तुम्हीच ठेवा, कारण तो आता गप्प आहे. घाई नाही.

झालं मांडून? कोण जिंकलं?

वाटलंच.