शाकाहारी रोहूचा दाखला

१९९७ च्या ज्येष्ठात जुईनगरच्या आमच्या सोसायटीने एकमताने ठराव केला की, मागच्या तळ्यातील मासे मांसाहारी असून त्यांच्या जेवणाच्या वासाने सभासदांना मनस्ताप होतो.

तळे सारसोळ्याच्या शिवाकडे भाडेपट्ट्याने होते. तो रोहूंना सुकटीचा कुटा घालायचा. तलाव कार्यालयाने तक्रारीची दखल घेतली आणि दिनानाथ नावाचे अधिकारी ‘पर्यायी प्रथिनस्रोत’ घेऊन आले. म्हणजे सोयाबीनची पेंड.

“साहेब, मासा मासा खातंय, त्यात आमी काय करनार?” शिवाने विचारले.

“पुन्हा कुटा दिसला तर पट्टा रद्द,” दिनानाथ म्हणाले.

शिवाचे घर तळ्यावरच चालायचे. त्याने निमूटपणे पेंड टाकली. महिनाभराने कार्यालयाने शिक्क्यानिशी दाखला दिला: ‘सदर मासे शुद्ध शाकाहारी आहेत.’

तेवढ्यात श्रावण लागला. आमचे सेक्रेटरी हौसेराव दाखला वाचून म्हणाले, “पेंडच खातो ना तो? मग त्याच्यात नि दुधी भोपळ्यात फरक कसला?”

मुद्दा बिनतोड होता. दाखल्याची झेरॉक्स घरोघरी किचनमध्ये लागली आणि शिवाकडे रांगा लागल्या. सोमवारचे कालवण तेवढे आम्ही कांदा-लसणाशिवाय केले. शेवटी धर्म म्हणून काही असतो.

पंधरा दिवस सुखाने गेले. मग पहिल्या मजल्यावरच्या अरुणाताईंनी रोहू चिरला, तर पोटात अख्खा किडा. सोसायटी हादरली. आमच्या श्रद्धेशी खेळ झाला होता.

“तल्यात किडं हायेत, खाल्ला असंल,” शिवा म्हणाला. “त्याला काय श्रावन कलतं?”

कार्यालयाने पट्टा रद्द करण्याची नोटीस काढली. आम्ही तातडीची सभा घेतली. श्रावण मोडलाच आहे, तर उरलेले मासे भरपाई म्हणून ताब्यात घ्यावेत, असे ठरले. चार दिवसांत तळे रिकामे झाले.

पाचव्या दिवशी शिवा माझ्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला. “शेजाऱ्यांची तक्रार नाय, येवरी सही द्या. पट्टा गेला तं पोरांना काय घालू?”

मला वाईट वाटले. खरेच वाटले. आत गॅसवर त्याचाच शेवटचा रोहू शिजत होता. पण श्रावणात मासेवाल्याच्या कागदाला हात कसा लावायचा? मी लांबूनच नमस्कार केला आणि दार लोटले.

नाक मुरडू नका. तुम्ही तर दारच उघडले नसते.