नाना साडेनऊ, बापू सव्वासात

आमच्या घाटनांदूरचे वैजनाथअप्पा टेलर सकाळी आधी गिऱ्हाइकाचं माप घेत नाहीत, पेपरचं घेतात. पेपर अर्थातच माझे. माझं मेडिकल त्यांच्या दुकानाला लागून आहे. मी चार पेपर घेतो आणि चारही माझ्याआधी अप्पांच्या शिलाई मशीनवर उघडतात. गळ्यातली टेप काढून अप्पा ती बातमीला डोक्यापासून पायापर्यंत लावतात, पेन्सिलीनं आकडा टाकतात आणि भिंतीपलीकडून मला ऐकू येईल असं जाहीर करतात, "नाना साडेनऊ, बापू सव्वासात." मग पेपर माझ्याकडं येतो. तोवर त्यावर इतके आकडे झालेले असतात की मला राशिभविष्यही धड वाचता येत नाही.

नाना आणि बापू हे आमच्या भागातले दोन पुढारी. एकाच लग्नाला आले तरी एक अक्षता पडायच्या आधी निघतो, दुसरा पडल्यावर येतो. कोण चढला, कोण उतरला यावर हॉटेलात रोज वाद होतात, आणि वाद मिटवायला लोक अप्पांकडं येतात. अप्पा स्वतः नानांचे कट्टर. पण बापूंचा पाव इंच त्यांनी कधी मारला नाही. मी एकदा डिवचलं तर म्हणाले, "मी नानाचा हाय, डागदर; टेप न्हाई." मी डॉक्टर नाही हे त्यांना तीस वेळा सांगून झालंय.

नियम कडक. पहिल्या पानाला दुप्पट. फोटोत पुढारी हार घालून घेत असेल तर फोटो पूर्ण, दुसऱ्याला घालत असेल तर निम्मा. 'आदी मान्यवर'मध्ये गेला तर भोपळा. टीका मात्र पूर्ण धरायची, कारण शिव्या खायलासुद्धा नाव लागतं. जाहिरातीला शून्य. स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात हार घातला तर त्याचं माप काय घ्यायचं, असं अप्पांचं म्हणणं.

"पण अप्पा, बातमीत काय लिहिलंय ते तरी वाचा की," मी म्हणायचो.

"वाचून लई घोळ व्हतोय," ते म्हणायचे.

आणि या न वाचण्यानंच एकदा त्यांची पार फजिती झाली. बाजार समितीची निवडणूक होती. पंधरा दिवस बापू रोज नानांच्या पुढं, तेही चांगले वीतभर. अप्पांनी जड अंतःकरणानं बापू येणार म्हणून सांगून टाकलं. कुंपणावर बसलेली मंडळी लगोलग गुच्छ घेऊन बापूंच्या बंगल्यावर गेली. आणि बापू सपाटून आपटले. मी जुने पेपर काढून बघतो तर काय, बापूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. 'प्रकृती स्थिर', 'भेटीसाठी रीघ', 'कार्यकर्त्यांकडून अभिषेक'. अप्पांनी बापूंचं आजारपण मोजलं होतं. दोन दिवस त्यांचं दुकान बंद होतं, आणि मी निर्लज्जासारखा दोन्ही दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी नवा नियम निघाला, दुखणं वजा.

यंदा बापूंचा वाढदिवस आला. पेपरात पानभर जाहिरात, वर बापूंचा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुक कार्यकर्त्यांच्या टिकलीएवढ्या फोटोंच्या रांगा. अप्पांच्या हिशेबात हे पान शून्य. तरी त्या पानावर ते दरवर्षी बराच वेळ वाकलेले दिसायचे. मला वाटायचं, शत्रूचं सैन्य मोजतायत. यंदा ते पेपर घेऊन माझ्या काउंटरवर आले.

"डागदर, तिसऱ्या वळीत बगा बरं. म्हादू दिसतोय का?"

महादेव हा अप्पांचा धाकटा भाऊ, राहायला धर्मापुरीला. नऊ वर्षांपूर्वी एका निवडणुकीत तो बापूंकडं गेला आणि त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. मी पाचही रांगा पाहिल्या. महादेव नव्हता. पार्टी बदलली असेल, म्हणालो.

"मला सोडलं त्यानं. बापूला न्हाई सोडायचा," अप्पा म्हणाले. "पडलाय कुटंतरी माणूस." मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा तसाच टाकून ते एसटीला गेले.

त्यांचं खरं निघालं. महादेवला लकवा मारला होता, दीड महिना तो खाटेवर होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. अप्पा रागावतील म्हणून त्याच्या बायकोनं कळवलं नव्हतं. त्याला हातापायाचं दुःख होतंच, पण बापू एकदाही विचारायला आले नाहीत हे जास्त लागलं होतं. बाहेर गाडी वाजली की तो दाराकडं बघायचा. अप्पा तिथनं उठले ते थेट बापूंच्या बंगल्यावर गेले. ज्या दारात कधी पाणी प्यायले नाहीत तिथं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "पाच मिंटं या बापू. फोटोवाला बी आणा."

बापू आले, पाच मिनिटं बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. खाट, महादेवच्या डोक्यावर बापूंचा हात, मागं अप्पांचा अर्धा खांदा. अप्पांनी पार्टी बदलली म्हणून हॉटेलात दिवसभर चेष्टा चालली. संध्याकाळी अप्पा तो पेपर माझ्या काउंटरवर पसरून बसले. बातमी मी वाचली होती. बापूंचं नाव चार वेळा होतं. महादेवचं एकदाही नव्हतं, 'एका जुन्या कार्यकर्त्याची विचारपूस' एवढंच.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. महादेवच होता. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो.

"अप्पा," तो अडखळत म्हणाला, "पेपरात माझं नाव न्हाई."

पान आम्हा दोघांच्या मधोमध पसरलेलं होतं.

"अरे तुमच्याकडं परळी तालुक्याचं पान येतंय," अप्पा म्हणाले. "आमच्या आंबाजोगाईच्या पानात हाय की. पुरं नाव हाय, आपल्या बाच्या नावासकट. थांब, वाचून दावतो."

त्यांनी चष्मा लावला, त्या पानावर बोट ठेवलं आणि त्यात कुठंही नसलेली बातमी भावाला सावकाश, मथळ्यापासून वाचून दाखवली.